मापापुरती फरांगीस

नहावंदी सरांचा नियम एकच:
फोटोत माणूस नको.
सायकल नको, दोरीवरचं धुणं नको,
तुमची स्वतःची सावलीसुद्धा नको.
भिंत बोलते आहे, तुम्ही गप्प बसा.

फक्त मापासाठी एक जण उभा करायचा,
आणि आमच्यात मापाची होती फरांगीस.
एकशे अठ्ठावन्न सेंटिमीटर.
सरांनी पहिल्याच दिवशी तिची उंची
फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली,
ती वर्षभर कुणी पुसली नाही.

मिनीबस इस्फहानहून सहाला निघाली.
पुलाखाली नदी नव्हती, नदीची जागा होती,
तिच्यात पोरं फुटबॉल खेळत होती.
मग खरबुजांची शेतं, निम्मी पडीक,
आणि त्यांच्यात एकटाच
मातीचा जाडजूड बुरूज.
कबुतरखाना.

किल्ली रजबअली म्हाताऱ्याच्या कमरेला.
"याचे फोटो?" तो हसत सुटला.
"अहो, पाखरांचा संडास हा!
माझा आजा वर्षातून एकदा दार फोडायचा,
गाढवांवर गोण्या लादायचा,
आणि मग या गावचं खरबूज
सुरी नुसती दाखवली तरी तडकायचं."
सरांनी वहीत लिहिलं: उपयोग, खत.

आत कोनाडेच कोनाडे, थेट वरपर्यंत.
प्रत्येकात एका पाखरापुरता अंधार,
पाखरू एकातही नाही.
बरजीननं टेप लावला: बावीस बाय बावीस.
म्हाताऱ्यानं पंजा पसरून ठेवला: वीत.
"बांधणाऱ्याचा हात माझ्याएवढाच होता," म्हणाला,
आणि बराच वेळ त्यानं हात काढलाच नाही.
मी कॅमेरा खाली घेऊन थांबलो,
कारण फोटोत माणूस नको.

अकराला ऊन डोक्यावर आलं.
"फरांगीस, भिंतीशी."
ती गेली, वाऱ्यानं सुटणारा रुमाल एका हातानं धरून.
तिच्या डोक्याच्या जरा वर एक झरोका होता.
"सरळ उभी राहा," सर ओरडले.
ती सरळच होती. फक्त टाचा
जमिनीवर नव्हत्या.

झरोक्यातून तिला काय दिसलं, मला ठाऊक नाही.
मला दिसला तो कॅनव्हासच्या बुटांखाली
तीन बोटं उजेड.
मी हाक मारली असती तर ती खाली आली असती.
मी बटण दाबलं.

थंडीत नकाशा काढताना भांडणं झाली.
आतल्या कोनाड्यांची बेरीज जास्त,
बाहेरून बुरूज दीड वीत बुटका.
बरजीन म्हणाला, टेप खोटं बोलत नाही.
सर म्हणाले, फोटोही नाही.
फरांगीस पेन्सिलीला टोक काढत होती,
टोक झालं तरी काढत होती.

परत मोजायला वसंतात गेलो.
बर्फ वितळताना अर्धी भिंत खाली आली होती,
उरलेली ट्रॅक्टरवाल्यानं शेतात पसरली होती.
रजबअलीनं किल्ली दाखवली.
किल्ली शाबूत होती.

आता फरांगीस गोथेनबर्गला असते,
रुग्णालयांची पार्किंग बांधते.
ईदला नाही, नवरोजला फोन करते,
मुलीची उंची सांगते.
आणि मी इथेच, त्याच वर्गात शिकवतो,
फोटोत माणूस नको म्हणून ओरडतो.

दरवर्षी तो कागद उलगडतो.
खाली प्रमाण लिहिलंय, एकास पन्नास,
त्याच्यावर बुरूज, बुरुजाशी ती,
नखाएवढी, पाठमोरी.
दरवर्षी कुणीतरी हुशार पोर पट्टी घेऊन येतं:
सर, हा दीड वीत कमी का भरतो?

मी म्हणतो, मातीचं काम आहे.
माती बसते.